प्लास्टिकमधला मोडेम

जोह्याच्या शकूने आखलेले गणपतीचे डोळे थेट बघणाऱ्याकडे बघतात, असं पेणचे व्यापारी सांगतात. तिचे स्वतःचे डोळे मात्र हल्ली कपाटावरच्या मोडेमवर खिळलेले असत. कारण होतं तिची लेक नम्रता. नवरा गेल्यावर शकू घरात एकटी पडली, तेव्हा नम्रताने वाशीच्या ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी मिळवली आणि ती आईजवळ राहायला आली. अट एकच, नेट तुटता कामा नये. पत्र्याखाली मोबाइलला रेंज नाही, म्हणजे सगळा भरवसा त्या मोडेमवर.

आणि तो तर जुनाट, पिवळा पडलेला. त्याने कुरकुर सुरू केली तेव्हा नेटवाल्यांचा निकेश येऊन गेला. घराला लागूनच मूर्तींचा कारखाना, मूर्ती घासल्या की प्लास्टरची पांढरी भुकटी घरभर. निकेशने मोडेम झटकला. "मावशी, याला धूळ लागू देऊ नका," एवढं सांगून स्वारी निघून गेली. नवा द्यायचं नाव नाही.

शकूने ते वेदवाक्य मानलं. तयार मूर्तीला धूळ लागू नये म्हणून जोह्यात काय करतात? प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. तिने मोडेमही तसाच नीट गुंडाळला, वर दोरा बांधला.

तेव्हापासून नेट जास्तच तुटू लागलं. नम्रता मीटिंगमध्ये बोलता बोलता गायब व्हायची. अंगणात जाऊन तक्रारीचा फोन केला की पलीकडून एकच जप, बंद करून चालू करा. बंद केला की मोडेम जरा निवायचा, थोडा वेळ चालायचा, आणि तेवढ्यात कंपनीचा मेसेज यायचा की तुमची तक्रार सुटली आहे. शकूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुखणं आमच्या घरात, आणि ते बरं झालं हे ठरवणार तिकडे बसलेले.

शेवटी नम्रताच्या साहेबाने कळवलं, सोमवारपासून ऑफिसात या. शकूने मोडेम होता तसा पिशवीत टाकला आणि पेणची एसटी धरली.

निकेश काउंटरवरच होता. प्लास्टिक बघून तो हसायलाच लागला. "मावशी, हा आत शिजला. याला वारा नको का?"

"तूच बोललास ना, धूळ लागू देऊ नको?"

"धूळ म्हटलं. गुंडाळा म्हटलं नव्हतं."

"मग कसा ठेवायचा ता सांगितलास? येवढे फोन केले, येकान तरी इचारलं का, मोडेम ठेवलाय कसा? बंद करा, चालू करा. आणि हसतोस काय? माझी पोर घर सोडून चालली हाय."

निकेशचं हसू मावळलं. चूक गिऱ्हाइकाची असली तर बदलून मिळत नाही, असं तो पुटपुटला. शकू समोरच्या खुर्चीत बसली ती उठेचना. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिने पहिल्यापासून सगळी कथा ऐकवली. दुपारी निकेशने मुकाट्याने नवा मोडेम काढला आणि जोडून द्यायला तिच्याबरोबर जोह्याला आला.

दारात नम्रताची बॅग भरलेली होती. मोडेमचे दिवे लागताच तिने साहेबाला फोन लावला. साहेबाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, आता ठरलं ते ठरलं.

"आई, देऊन टाक परत," ती म्हणाली. "मी नसताना तुला कशाला पाहिजे?"

निकेशने पुढे केलेला हात शकूने बाजूला सारला.

"नाय देत," ती रागानेच म्हणाली. "तू गेल्यावर तुझं तोंड कशात बघू गो?"