डोकं तिचं आहे, तिला विचारा

त्या दिवशी बायकांच्या वॉर्डात खाटेपाशी आम्ही पाच जण होतो. मी, माझी सून, माझा मुलगा, ड्युटीवरची सिस्टर आणि कात्री घेऊन उभी असलेली आयाबाई.

सुनेचं डोकं फिरलं, असं चाळीत म्हणायचे. मी म्हणते, आजारी होती. झोपायची नाही, पंख्याशी भांडायची. म्हणून अंधेरीला दवाखान्यात, मनाच्या आजाराच्या वॉर्डात ठेवली. मी जोगेश्वरीहून रोज डबा घेऊन जायची.

त्या दिवशी पोचले तर आया तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळत होती. सिस्टर म्हणाली, डोक्यात उवा झाल्यात, बाकीच्या बायकांना होतील, केस बारीक करतो. कमरेपर्यंत केस तिचे. तिनं मुलाला विचारलं तर त्यानं लगेच होकारार्थी मान हलवली.

मी त्याला म्हटलं, "एवढी हौस असेल तर तुझे दे रे. तसे पण चारच राहिलेत."

आया हसली. मुलगा म्हणाला, आई, तू मध्ये पडू नको ना. मी पडलेच. खाटेवर बसले आणि सुनेचं डोकं छातीशी धरलं.

माझा नवरा गेला तेव्हा गावच्या बायकांनी हात धरून माझ्या बांगड्या फोडल्या. मला नको होतं. विचारलं कोणी? तेव्हा गप्प बसले. आता म्हातारी झाले, आता कोणाला भिऊ?

"डोकं तिचं आहे. तिला विचारा," मी सिस्टरला म्हटलं.

"आजी, तिला आत्ता काही कळत नाही."

"खाज सुटलेली कळते ना?"

सिस्टर वाईट नव्हती. सक्ती करायची नाही असं कायद्यातच आहे, आम्हाला शिकवलंय, असं ती स्वतःच म्हणाली. पण एवढा वॉर्ड आणि आम्ही दोघी, एकेकीचं डोकं कोण विंचरणार? मी म्हटलं, हिचं मी विंचरते. रोज येतेच, फणी घेऊन येईन. तुम्ही औषध तेवढं द्या.

मग सिस्टर वाकली आणि तिनं सुनेला विचारलं, केस कापू का. ती बोलेना. सिस्टर तशीच थांबली. शेवटी सून बोलली.

"केस नको. नखं कापा. लागतात मला."

टॉवेल काढला तर मानेवर खाजवून खाजवून ओरखडे उठलेले. आया म्हणाली, सकाळपासून नखं नखं करतेय, मला वाटलं असंच बडबडते. सिस्टरनं नेलकटर आणला आणि स्वतः कापली नखं. प्रत्येक बोटाला विचारत होती, दुखतंय का गं.

मी रोज फणी फिरवली. उवा गेल्या, केस राहिले. सून घरी आलीय. गोळ्या चालू आहेत, मधूनच बिनसतं. वेणी आपली आपण घालते.

मुलगा अजून म्हणतो, तू तिथे तमाशा केलास. केला. परत करीन.

हे वाचाल त्यांना एवढंच मागते. तुमचं माणूस अशा वॉर्डात असेल तर त्याच्या अंगाला हात लावायच्या आधी त्याला विचारा. आणि ते बोलेपर्यंत थांबा.