हैबतीचा ठोकळा

हैबतीकडे खैराचा एक ठोकळा होता. वीतभर रुंद, एका बाजूने तासून निमुळता केलेला. कशेडी घाटात ट्रक थांबला की तो मागच्या चाकाला लागायचा आणि ट्रक निघाला की उचलला जायचा. घाटात बरेचजण चाकाला रस्त्यावरचा दगड लावत आणि तसाच टाकून निघून जात. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटे. हैबतीने आठ वर्षे क्लीनरकी आणि बावीस वर्षे ड्रायव्हरकी केली, पण रस्त्यात दगड सोडला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. तो तसं बोलून दाखवत नसे, इतकंच.

२००८च्या पावसाळ्याआधी त्याच्या मालकाने दोन्ही ट्रक विकले. हैबती छपन्नाव्या वर्षी आपल्या गावी, कापड्याला, घरी बसला. भाताची लावणी झाली, तणाची बेणणी झाली, बांध घालून झाले. मग हाताला काम उरलं नाही. ऑगस्टात महाडच्या कालिंदीबाई वकिलांचा निरोप आला. बाईंचा गुडघा दुखावला होता आणि कामं महाड आणि खेड अशा दोन कोर्टांत होती. मुंबईच्या मुलाने, श्रेयसने, आपली गाडी आईसाठी आणून ठेवली होती. ड्रायव्हर हवा होता. शनिवारी चाचणी.

"बटणाची गाडी हाय म्हणतात," मंजुळा भाकरी बांधता बांधता म्हणाली. "जमंल तुमाला?"

"घाट तर जुनाच हाय ना गो."

त्याने भाकरी पिशवीत घातली आणि तिच्याशेजारी ठोकळा.

गाडी बघून मात्र तो जरा थबकला. क्लच नव्हता. दोन सीटांच्या मधे हँडब्रेकचा दांडा असतो, तिथे नुसतं बोटभर बटण होतं. श्रेयसने भराभर सांगितलं, "काका, हे वर ओढलं की हँडब्रेक लागतो, लाल दिवा येतो. आणि हे ऑटो होल्ड. चढावर थांबलात की ब्रेक नीट दाबायचा. हिरवा दिवा आला की पाय काढा, गाडी आपोआप धरून ठेवते. रेस दिली की आपोआप सोडते. सोप्पं आहे."

"आणि नाय सोडली तर?"

"सोडतेच."

हैबतीने ते तीनदा करून पाहिलं. बटण वर, लाल दिवा. ब्रेक दाबून बटण खाली, दिवा गेला. मग पिशवी आपल्या सीटखाली सरकवली. त्यातून ठोकळ्याचं टोक बाहेर आलेलं श्रेयसने पाहिलं.

"काका, याची गरज नाही हो आता."

"असू दे. वजन काय फार नाय त्याचं."

मागच्या सीटवर कालिंदीबाई पाय लांब करून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "श्रेयस, त्यांना चालवू दे. तू बोलू नकोस."

श्रेयसला उद्या मुंबईला परतायचं होतं. आजचा दिवस नीट गेला नाही, तर तो ओळखीचा दुसरा ड्रायव्हर ठरवणार होता, हे हैबतीला निरोप्यानेच सांगितलं होतं.

पोलादपूरपर्यंत गाडी सुतासारखी गेली. दोनदा रहदारीत थांबली, दोन्ही वेळा हिरवा दिवा आला आणि दोन्ही वेळा सुटली. घाट लागला तसा पाऊस लागला. वरच्या वळणावर दरड आली होती, माती काढायचं काम चालू होतं आणि एकच बाजू सोडत होते. पुन्हा दोनदा थांबणं झालं. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. हैबतीला मनातून ते आवडलं. बावीस वर्षे चढावर क्लच अर्ध्यावर धरून त्याची पोटरी दगडासारखी झाली होती.

मग खरा चढ आला. पुढे टँकर, मागे खडीचा डंपर, अगदी चिकटून. हैबतीने ब्रेक दाबला. हिरवा दिवा आला. त्याने पाय काढला. गाडी उभी.

रांग पाच मिनिटांनी हलली. टँकर निघाला. हैबतीने रेस दिली. इंजिन घुमलं, गाडी हलली नाही. त्याने आणखी दिली. गाडी मागून थोडी दबल्यासारखी झाली आणि तिथेच राहिली. कुठेतरी टिंग टिंग वाजत होतं.

डंपरने भोंगा दिला. मग त्याच्या ड्रायव्हरचा आवाज आला, "काय रे ए, रस्त्यात घर बांधतोस काय?"

"काहीतरी हँग झालंय," श्रेयस म्हणाला. त्याने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं आणि पानं उलटू लागला. मग ते मांडीवर टाकलं. "काका, उतरा तुम्ही. मी बसतो. आई, मी म्हटलं होतं ना, या वयात..."

"थांबा जरा," हैबती म्हणाला. आवाज चढला नव्हता. "एक मिनिट. कशाला हात लावू नका."

श्रेयसने आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "एक मिनिट दे."

हैबतीने रेस सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवला. ट्रक बंद पडला की तो आधी बॉनेट उघडत नसे. आधी आठवत असे, शेवटचं काय केलं. सकाळपासून चारदा थांबलो. चारही वेळा सुटली. गाडी तीच, पाय तोच. मग या वेळी काय जास्त केलं?

समोरचा दिवा आता हिरवा नव्हता. लाल होता. हँडब्रेक लागला होता, आणि त्याने तर बटणाला बोटही लावलं नव्हतं.

उजवी बाही गार लागली म्हणून त्याने खाली पाहिलं. बाही कोपरापर्यंत भिजली होती. दार वीतभर उघडं होतं आणि ते त्याच्याच हातात होतं.

ही घाटातली सवय. खड्या चढावर ट्रक थांबला की दार किलकिलं करायचं, बाहेर वाकून मागच्या चाकावर नजर ठेवायची. चाकाने रस्ता पकडला आणि ठोकळा उचलला गेला की मग दार ओढायचं. ब्रेक गेला तर उडी टाकायलाही ते बरं. आधीचे चढ सोपे होते म्हणून हात गेला नव्हता. इथे आपसूक गेला. श्रेयसने दार उघडं ठेवून गाडी कधी चालवलीच नसणार, त्याला हे सुचणार कुठून?

हैबतीने दार ओढून घेतलं. टिंग टिंग थांबलं. पट्टा चाचपला. तो लागलेला होता. मग हळू रेस दिली. गाडीने किंचित दम खाल्ला, लाल दिवा गेला आणि ती वर निघाली. मागे एक बोटही सरकली नाही.

"काय केलंत?" श्रेयसने विचारलं.

"दार उघडं होतं. दार उघडं म्हंजे माणूस उतरतोय, असं समजते ती. मग आपणच हँडब्रेक लावते, आणि दार लागंपर्यंत सोडत नाय. बरोबर हाय तिचं. चूक माझी."

श्रेयसने पुन्हा पुस्तक उघडलं. या वेळी त्याला पान सापडलं. तो मोठ्याने वाचू लागला, दार बंद असावं, पट्टा लावलेला असावा, आणि मधेच थांबला.

"अगदी हेच लिहिलंय," तो म्हणाला.

"पुस्तक आणि गाडी दोन्ही दोन महिने तुझ्याकडे होती," मागून बाई म्हणाल्या.

माथ्यावर मोकळी जागा होती, पण सपाट नव्हती. हैबतीने गाडी बाजूला घेतली. "बाई, एकदा परत करून बघतो. इथं कोण मागं नाय."

थांबला. हिरवा दिवा. मुद्दाम दार उघडलं. लाल दिवा. रेस दिली, गाडी हलली नाही. दार लावलं, रेस दिली, सुटली. एकदा करून समाधान झालं नाही म्हणून त्याने दुसऱ्यांदा केलं. श्रेयस पुस्तक मिटून बघत होता.

माथ्यावरून परत महाडकडे उतरताना एका वळणावर कुणीतरी चाकाला लावलेला दगड रस्त्यातच टाकून गेलं होतं. हैबतीने गाडी कडेला घेतली, बटण वर ओढलं, लाल दिवा बघितला आणि पावसात उतरला. दगड दोन्ही हातांनी उचलून गटारापलीकडे टाकला. उतारावर गाडी एकटी उभी होती. त्याने मागे वळून चाकाकडे पाहिलं नाही.

महाडला बाईंचं घर चढावर होतं. फाटकाशी गाडी लावून त्याने किल्ली श्रेयसच्या हातात दिली. श्रेयसने ती तशीच आईकडे दिली.

"मंगळवारी खेडला तारीख आहे," बाई म्हणाल्या. "आठला निघू."

"साडेसातला येतो. हवा बघाय लागंल."

तो एसटी स्टँडावर पोचला तेव्हा पोलादपूरवरून कापड्याला जाणारी गाडी लागलेली होती. आत बसल्यावर भाकरीसाठी हात शेजारी गेला आणि पिशवी नाही हे कळलं. ती तिकडेच, सीटखाली राहिली होती, ठोकळ्यासकट. अजून पाच मिनिटं होती. पळत जाऊन आणता आली असती.

त्याने कंडक्टरकडे कापड्याचं तिकीट मागितलं. मंगळवारी जायचंच होतं.