पिंपात वाळलेली भावकी

राजमहंमद पिंजारी आणि खोडदचा सयाजी यांची पहिली भेट झाली तेव्हा राजमहंमद एका पिंपात होता आणि ते पिंप जुन्नरच्या उतारावरून गडगडत येत होतं. बाजाराचा दिवस. पिंपानं आधी गाडग्यामडक्यांची एक रास भुईसपाट केली, मग वांग्यांचा ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाटून टाकला, एका बोकडाला जन्मात पहिल्यांदा देवाची आठवण करून दिली आणि एका लठ्ठ सावकाराला चिंचेच्या झाडावर चढवलं. त्याला खाली उतरवायला पुढं शिडी आणावी लागली. शिवनेरीनं एवढे वेढे पाहिले, पण असला हल्ला कुणी केला नव्हता. शेवटी पिंप सयाजीच्या गाडीच्या चाकाला टेकून थांबलं. आतून धूर आला, मग खोकला आला, मग घोंगडीत गुरफटलेला, कोळशानं माखलेला एक माणूस आला. त्यानं गाडीतल्या ओल्या ढिगाकडं पाहिलं आणि जणू दुकानाच्या गादीवर बसलेला असावा अशा शांतपणे विचारलं, "पावणं, घोंगड्या वाळवायच्यात का?"

सयाजीला घोंगड्याच वाळवायच्या होत्या. इतक्या की, त्या क्षणी सैतानानं विचारलं असतं तरी त्यानं हो म्हटलं असतं.

त्याची लेक चिमी लग्नाची झाली होती आणि तिला बघायला लोणीहून माणसं येणार होती, तीही परवाच. बघायला आलेल्यांना घोंगडीवर बसवायचं हा आपल्याकडचा रिवाज. ज्याच्या ओसरीवर घोंगडी कमी पडली, त्याच्या कणगीत दाणेही कमीच असणार असा पावण्यांचा हिशेब. एका घरात तेवढ्या घोंगड्या कुठून असणार? म्हणून त्या भावकीतून आणतात. सयाजीची भावकी म्हणजे बांधावरून तीन पिढ्या एकमेकांचं तोंड न बघणारी. पण घोंगडी द्यायला मात्र सगळे एका पायावर तयार. अट एकच, म्हाताऱ्या पावण्याच्या बुडाखाली आमचीच पाहिजे.

घोंगड्या जमल्या आणि सयाजीच्या बायकोनं, ठमाबाईनं, त्या हुंगल्या. कुणाच्या घोंगडीला शेळीचा वास, कुणाच्या विडीचा, एकीला तर वारलेल्या चुलत्याचा. घोंगडी कधी धूत नाहीत, झटकतात आणि उन्हात टाकतात, हे सयाजीनं तिला सांगून पाहिलं. ठमाबाईनं सगळ्या नदीवर नेऊन रिठ्यानं धुतल्या. दिवस श्रावणाचे. सूर्य जो ढगाआड गेला तो गेलाच. ओली घोंगडी उचलायला दोन गडी लागत, आणि भावकी दर घटकेला ओसरीवर येऊन आपली घोंगडी बोटानं दाबून बघायची आणि सुस्कारा सोडायची. कुंभाराच्या भट्टीजवळ पसरू म्हणून सयाजीनं त्या गाडीत भरून जुन्नरला आणल्या होत्या.

राजमहंमदाचा धंदा कापूस पिंजण्याचा. पावसाळ्यात गाद्या कुणी भरत नाही, म्हणून त्याचं डोकं मोकळं राही, आणि तेच जुन्नरला महागात पडे. एका पावसाळ्यात त्यानं बैलांसाठी छत्री केली, ती बैलांनी खाल्ली. दुसऱ्या पावसाळ्यात पाळणा आपोआप हलावा म्हणून तो ओढ्याच्या पाण्याला जोडला. सुदैवानं त्यात मूल नव्हतं. त्याची बायको जोहराबी नवऱ्याच्या शोधांना कधी नावं ठेवत नसे. नवा शोध लागला की ती फक्त घरातली भांडी शेजारी नेऊन ठेवी.

या साली, म्हणजे एकोणीसशे सात साली, त्यानं दारूची जुनी पिंपं फोडून त्यांच्या फळ्यांचं एक अगडबंब पिंप केलं होतं. म्हैस आत शिरून रवंथ करत बसली असती एवढं. त्याला भोकं पाडली, आडवं टांगलं, खाली निखाऱ्यांची घमेली ठेवली आणि बाजूला फिरवायला दांडा लावला. ओलं कापड आत टाकायचं आणि पिंप फिरवायचं. कापड वाळे, नाही असं नाही. पण दोन घोंगड्या घातल्या की त्या एकमेकींना असा पीळ मारत की बाहेर विहिरीचा दोर निघे. मग त्या सोडवायला आत कुणीतरी पाहिजे, असं राजमहंमदानं ठरवलं आणि तो स्वतः आत बसला. त्या दिवशी टांगणी तुटली, आणि पुढची हकिगत सावकाराला विचारावी.

सयाजीच्या गाडीतला ढीग त्याला फार आवडला. पिंप परत वर चढवताना त्याला नवी युक्ती सुचली. नदीतले गुळगुळीत गोटे चिंध्यांत बांधून पिंपात सोडायचे. ते आपटत राहतील आणि घोंगड्यांना पीळ मारायला उसंतच देणार नाहीत. सयाजीला ते पटलं. परवा पावणे येणार असले की माणसाला काहीही पटतं. दोघांनी संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं दांडा फिरवला. आतून धबाधबा आवाज येत होता, भोकांतून वाफ निघत होती आणि राजमहंमद दर फेरीला म्हणत होता, की बघा, गुंता नाही.

गुंता खरंच झाला नव्हता. झाकण काढलं तेव्हा आत गोटे होते आणि घोंगड्या कुठंच नव्हत्या.

राजमहंमदानं आत डोकं घालून चाचपलं. सगळ्या घोंगड्या पिंपाला आतून अस्तरासारख्या चिकटल्या होत्या, एकमेकींत शिरून, दाबून, एकजीव. कुणाचा काठ कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं. जोहराबी आली आणि तिनं वाकून पाहिलं.

"बुरणूस झालाय," ती म्हणाली. "आमचे अब्बा असाच करायचे. न विणता, लोकर ओली करून, गरम करून, लाथा घालून."

"मग आधी का न्हाई सांगितलंस?" राजमहंमदानं विचारलं.

"मला वाटलं, तुमाला बुरणूसच करायचाय."

विळ्यानं एका बाजूनं उभी चीर दिली आणि ते प्रकरण पिंपातून सोलून काढलं. भिंतीएवढं जाड. पण कोरडं ठणठणीत.

सयाजी गाडी हाकत गावाकडं निघाला तेव्हा ही सोयरीक गेली हे त्यानं मनाशी धरलंच होतं. भावकी जिवंत ठेवते की नाही एवढंच बघायचं होतं. भावकीनं जिवंत ठेवलं, कारण कुणी कुणावर रागवावं हेच तिला कळेना. जो तो गुडघ्यावर बसून आपली घोंगडी शोधत होता.

लोणीची माणसं आली. ओसरीवर एकच एक घोंगडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि बसलं की माणूस वीतभर वर. मुलाचे आजोबा भगवंत तिच्यावर दोनदा बसून-उठून बघते झाले. असली एकसंध घोंगडी त्यांच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती.

"किती मेंढरं लागली हिला?" त्यांनी विचारलं.

खांबाला टेकून अख्खी भावकी सयाजीकडं बघत होती.

"मेंढरांचं काय न्हाई," तो म्हणाला. "आमच्या भावकीत एकी लई. कुणाचं काय, ते वेगळं काढताच येत न्हाई."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. असं घर मिळायला भाग्य लागतं, असं त्यांनी लोणीकरांना सुनावलं. चिमी आली, पाणी देऊन गेली. तिच्याकडं कुणी धड पाहिलंही नाही, सगळे घोंगडीवरून हात फिरवत होते. नारळ आणायला माणूस उठला. ठमाबाईनं आत देवापुढं साखर ठेवली. आता सगळंच ठरल्यात जमा, तेव्हा रीत म्हणून भगवंतांनी जाता जाता विचारलं, "तुमचं देवक कंचं म्हणालात?"

"कळंब," सयाजी म्हणाला.

नारळ आणायला उठलेला माणूस परत खाली बसला.

"आमचं बी कळंबच," भगवंत म्हणाले.

एका देवकात लग्न होत नाही, हे चिमीच्या धाकट्या भावालाही माहीत होतं. देवक सगळ्यात आधी विचारायचं असतं, आणि ते काम सयाजीचं होतं. लोणीला गेला त्या दिवशी त्यानं माणसं किती येणार आणि घोंगड्या किती लागतील, तेवढंच विचारून घेतलं होतं.

पावणे जेवून गेले. चिमीचं लग्न पुढच्या साली वारूळवाडीला झालं. ती माणसं बघायला आली तेव्हा ऊन होतं, आणि ती अंगणात गोणपाटावर बसली. राजमहंमद त्यानंतर तीन पावसाळे जगला आणि हिवतापानं गेला.