हात वर केल्यावरचं माप

माझा मामा शिंपी. नव्या फादरचा झगा त्यानेच शिवला, पण माप घेतलं ते त्यांचे हात खाली असताना. रविवारी प्रार्थनेसाठी फादरनी दोन्ही हात वर पसरले आणि दोन्ही बगला टर्रकन उसवल्या.

मामी भडकली. "अहो, फादर काय खिशात हात घालून प्रार्थना करतात?"

सोमवारी मामाने फादरना दुकानात हात पसरून उभं केलं आणि स्वतः तोंडात टाचण्या धरून घेर मोजायला खाली बसला. चहा घेऊन आलेली मामी दारातच थबकली. चर्चमध्ये दुखण्याचं निमित्त सांगून कधीही गुडघे न टेकणारा नवरा फादरच्या पुढ्यात गुडघ्यांवर होता, आणि चक्क गप्प होता!

मामीने क्रूसाची खूण केली. "देवा, झगे उसवत राहू देत, पण यांना असंच ठेव."