धारवाल्याची पट्टी

त्याला सगळे धारवाला म्हणत. खरं नाव बायकोला माहीत होतं आणि वीजबिलावर छापलेलं होतं, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. पेट्रोलपंपाच्या मागे, लाकडाच्या वखारींकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं चेनच्या करवतींचं दुकान. आत शिरलं की पेट्रोलचा, जळक्या तेलाचा आणि ओल्या भुशाचा वास यायचा. भिंतीवर खिळ्यांना चेन टांगलेल्या, बाकड्यावर करवत घट्ट धरणारा व्हाइस, आणि व्हाइससमोर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेला तो.

करवत कशी घ्यावी हे त्याच्याकडूनच ऐकावं. परसातली दोन झाडं छाटायची असलेला माणूस हमखास दुकानातली सगळ्यात दांडगी करवत मागायचा. धारवाला वाद घालत नसे. करवत त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "अशीच धरून उभे राहा. पाच मिनिटं गप्पा मारू." तिसऱ्या मिनिटाला गिऱ्हाइकाची नजर आपोआप लहान करवतीकडे वळायची. कुणी शिळं पेट्रोल भरून आणलं आणि यंत्र चालू होत नाही म्हणून कुरकुर केली, की तो विचारायचा, "गेल्या वर्षीचा चहा दिला तर तुम्ही चालू व्हाल का?" हल्लीच्या करवतींना संगणकाची वायर जोडून, बाई गं, कुठे दुखतंय, असं विचारावं लागतं. तेही तो पन्नाशीनंतर शिकला होता. हवेची जाळी रोज झटका, बारची, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या पात्याची, खाच साफ ठेवा, धार लावाल तेव्हा बार उलटा करा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, हे तो येईल त्याला सांगायचा. सांगायला तो हुशारच होता.

पण त्याचं नाव झालं होतं ते धारेवर. तोडवाले म्हणत, धारवाल्याच्या हातची चेन लाकूड कापत नाही, खाते. दूरदूरच्या टोळ्या त्याच्याकडे चेन पाठवत. आणि खरी गोम तिथेच होती.

चेनवरच्या प्रत्येक दातापुढे एक लहानसा उंचवटा असतो. त्याला गेज म्हणतात. दाताने लाकडात किती खोल शिरायचं, हे तो गेज ठरवतो. दात घासून झिजला की गेजही थोडा घासावा लागतो, पण किती, ते सांगायला एक पोलादी पट्टी असते, बोटभर लांब, मधे खाच असलेली. पट्टी चेनवर ठेवायची, खाचेतून जेवढा गेज वर डोकावेल तेवढाच घासायचा. त्याच्या उस्तादाने त्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "नजर दमते, पट्टी दमत नाही," असं तो म्हातारा म्हणायचा.

बारा वर्षांपूर्वी वखारीत जेवणाच्या सुट्टीत दोन टोळ्यांची पैज लागली, ओंडका कोण आधी कापतो याची. एका टोळीसाठी धारवाल्याने गेज जरा जास्तच उतरवले. चेनने असे मोठमोठे चावे घेतले की दुसरी टोळी अर्ध्यातच होती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तीच धार हवी झाली. दोष असा की इतक्या खोल चावणारी चेन लाकडात हिसके मारते, आणि बारचं टोक चुकून कशाला लागलं तर करवत दुप्पट जोराने अंगावर उसळते. हे त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चेनच्या हिसक्यांनी जळलेले क्लच त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त यायचे, तेवढी खूण पुरे होती. पण कौतुक कुणाला कडू लागतं? पट्टी खणाच्या तळाशी गेली आणि तो लोकांना आपले डोळे दाखवून सांगू लागला, "पट्टी इथे आहे."

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तोडीच्या टोळीत होता. टोळीतला सगळ्यात सावध हात त्याचा. शिरस्त्राण, जाळी, जाड विजार घातल्याशिवाय तो करवतीची दोरी ओढत नसे, म्हणून बाकीचे त्याला नवरदेव म्हणत. चेन मात्र तो फक्त भाऊजींकडूनच घासून घ्यायचा. दुसऱ्याच्या हाताला देणं त्याला भाऊजींचा अपमान वाटायचा.

एका सकाळी पाडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवताना बारचं टोक पाल्याआडच्या फांदीला लागलं. करवत उसळली. ब्रेक बसला, पण बार त्याच्या डाव्या खांद्यावर आदळला आणि थांबता थांबता चेनने मांस उघडं केलं. तो वाचला. दवाखान्यात बहिणीला त्याने पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "ताई, माझाच हात चुकला."

मेहुण्याची करवत, मूठ मुडपलेली, त्याच दुपारी दुकानात आली. धारवाल्याने दार लोटून घेतलं, खण उपसला, पट्टी शोधली आणि चेनवर ठेवली. खाचेत गेज दिसतच नव्हता. त्याने पुढचा दात पाहिला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे नुसती पोकळी.

आता इथे माणसाने काय करावं? मेहुण्याकडे जावं, पाय धरावेत. त्याने काय केलं ते सांगायला मलाही संकोच वाटतो. भिंतीवर कुणीतरी विसरून गेलेली एक अर्धी झिजलेली चेन होती, त्याचा हात अजून न लागलेली. ती त्याने करवतीवर चढवली, वरून तेल आणि भुसा चोळला. खरी चेन काळ्या तेलाच्या डब्यात बुडवली आणि डबा बाकड्याखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम करवत बघायला आला.

"धार तुमचीच ना?" मुकादमाने विचारलं.

"माझीच."

"गेज?"

"स्वतःच बघा की," धारवाला म्हणाला, आणि आपल्या हाताने त्याला पट्टी काढून दिली.

मुकादमाने दहा-बारा दात तपासले. सगळे बरोबर. यंत्रात दोष नाही, असं तो म्हणाला, आणि त्याचा अर्थ दोष माणसात, एवढाच होत होता. खांदा तीन महिन्यांत भरून आला. करवत खांद्याच्या वर उचलायची नसतेच, त्यामुळे डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिली. मुकादमाने दिली नाही. मेहुण्याच्या हातात करवतीऐवजी खडू आला. ओंडक्यांवर खुणा करायच्या आणि गाडीत किती चढले ते ओरडून सांगायचं. जुने सोबती म्हणत, "नवरदेव, जपून, खडू उसळेल."

धारवाल्याला जेवण जाईना. मेहुणा घरी यायचा, चहा प्यायचा, अंगणातल्या फरशीवर पाय रोवून दाखवायचा. "भाऊजी, मी असा उभा होतो. डावा पाय इथे. मग टोक लागलं कसं?" धारवाला कपात बघत राहायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवणाऱ्याला खोकताही येत नाही हे कुणी सांगत नाही. बायको म्हणाली, "त्याच्याशी जरा बोला. तुमच्यावर त्याचा जीव आहे." तो म्हणाला, "बोलतो." आणि दुकानाकडे निघून गेला.

चौथ्या महिन्यात मेहुणा स्वतःची करवत घेऊन दुकानात आला. पुसून लख्ख केलेली. बाकड्यावर ठेवून म्हणाला, "भाऊजी, हिला कुणा चांगल्या हाताला द्या. माझ्याकडे उगीच पडून राहते."

"राहू दे की," धारवाला म्हणाला. "पुन्हा लागेल."

"नाही लागणार. माझा मलाच भरवसा उरला नाही."

नेमकी तेव्हाच बागवाली आली. ही बाई दोरावरून झाडांवर चढून फांद्या उतरवायचं काम करायची, आणि जमिनीवरच्या कामासाठी तिला एक जुनी पण चांगली करवत हवी होती. तिने ही उचलली, तोलून पाहिली, दोरी हलकेच ओढून दाब पाहिला. जाणत्या माणसाने बघावं तशी बघत होती.

"का विकताय?" तिने विचारलं.

"माझ्या हातून अपघात झाला," मेहुणा म्हणाला. "यंत्रात काही नाही, बाई. हात माझा चुकला. हे सगळं भाऊजींच्या हातचं काम आहे, डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून घ्या, हे शब्द धारवाल्याच्या कानात शिरले आणि तिथेच बसले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई करवत घेऊन जाईल, दोन महिन्यांनी चेन घासायला इथेच आणेल, आणि मेहुणा आयुष्यभर फरशीवर पाय रोवून स्वतःला शोधत बसेल. त्याने बाकड्याखाली वाकून डबा ओढला. हात मनगटापर्यंत काळ्या तेलात घातला आणि चेन वर काढली.

"ही त्या दिवशीची चेन," तो म्हणाला. "करवतीवर आहे ती मी नंतर चढवली. मुकादम यायच्या आधी."

तेल बाकड्यावर ठिबकत होतं. मेहुण्याने चिंधी घेतली, चेन पुसली, व्हाइसमध्ये एक सुटा बार धरून त्यावर चढवली. मग हात पुढे केला. धारवाल्याने त्याच्या हातावर पट्टी ठेवली.

चेनला चौतीस दात होते. त्याने चौतीसही तपासले. पहिल्या तीन दातांतच सगळं कळलं होतं, तरी तो थांबला नाही. बागवालीने करवत हळूच खाली ठेवली आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"चार महिने," मेहुणा म्हणाला, "मी रोज तुमच्यासमोर तसा उभा राहून दाखवत होतो."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

धारवाल्याला माफी मागायची होती. शब्द तयारही होते, पण त्या वाक्यानंतर ते बोलायची त्याला लाज वाटली. मेहुण्याने चेन पिशवीत घातली आणि करवत उचलून तो निघून गेला. संध्याकाळी घरी बायकोला सगळं कळलेलं होतं. ताट तिने वाढलं. एवढंच म्हणाली, "तो तुमच्या हातच्याशिवाय दुसऱ्या चेनला हात लावत नव्हता." त्यानंतर ती महिनाभर कामापुरतंच बोलली.

मुकादमाकडे धारवाला स्वतः गेला आणि टोळीसमोर बोलला. बोलेपर्यंत त्याच्या डोक्यात ती एकच चेन होती. तोडवाले ऐकून घेऊन आपापल्या गाड्यांकडे गेले आणि आपापल्या चेन काढून त्याच्या पायाशी टाकू लागले. चाळीसवर चेन, सगळ्या त्याच्याच नजरेच्या. तेव्हा त्याला कळलं की आपण एका माणसाला नाही, चाळीस जणांना रोज सकाळी काय हातात देऊन पाठवत होतो.

त्या चेन दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. गेज वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक दात मागे घासत घासत गेजच्या मापाला आणावा लागला. पुढे लोक म्हणू लागले, धारवाल्याची धार गेली, चेन हळू कापते. निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्याने कुणाला थांबवलं नाही.

मेहुण्याला टोळीत करवतीचं काम परत मिळालं. दर पंधरवड्याला तो चेन घेऊन अजून भाऊजींकडेच येतो. का येतो, हे धारवाल्याने विचारलेलं नाही. धार लावून होते, चेन व्हाइसवरच असते. दुकानात चार माणसं बसलेली असली तरी मेहुणा खिशातून स्वतःची पट्टी काढतो आणि पहिल्या दातावर ठेवतो. बारच्या दुसऱ्या बाजूला धारवाला उभा राहतो आणि एकेक दात त्याच्या पट्टीखाली सरकवून देतो, चौतीस होईपर्यंत.