ज्याच्या नाकावर केंद्र चालायचं

दूध केंद्रात माझ्या भावाला सगळे 'नाकशेठ' म्हणायचे. कॅनचं झाकण उचलायचं, आत कोंडलेली हवा एकदा हुंगायची आणि म्हणायचं, "घ्या" किंवा "परत". बास. मी शेजारच्या खोलीत दुधाचं फॅट मोजायचे. पण लोकांचा विश्वास माझ्या मशीनपेक्षा दादाच्या नाकावर. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला.

दादाला चैन पडेना. साबण हुंग, बाम हुंग, चपला हुंग. वहिनीने लसूण परतायला घेतला की हा कढईत डोकं घालणार. "अहो, मिशा करपतील!" ती ओरडायची. डॉक्टर म्हणाले, जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं ढोबळच कळतं. आपण चव म्हणतो ती बहुतेक घशामागून नाकात चढते. तिथे वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या दुखावल्यात. भरून येतील, कदाचित नाहीही. तेव्हापासून ताटातली भाजी कसली, हे तो डोळ्यांनी ओळखायचा.

"केंद्राच्या साहेबांना सांगून टाक," मी म्हटलं.

"आणि मग? त्यांना माझं नाक हवंय, मी नकोय."

तीन आठवडे त्याने हातावर आणि जिभेवर काढले. कॅनला तळवा लावून गरम आहे का बघायचा, थेंब बोटांत चोळायचा, जिभेवर टेकवून थुंकायचा. आंबलेलं दूध असं कळायचं. पण औषधाचा, रॉकेलचा वास लागलेलं कसं कळणार? एक कॅन वाईट गेला की अख्खा टँकर बाद. माझा जीव टांगणीला. एकेक आकडा मी तीनदा वाचायचे, आणि तोंड मात्र उघडत नव्हते.

त्या दिवशी एका गायीचं दूध घालणारी आजी आली. एकोणीस वर्षांत तिचा कॅन कधी परत गेला नव्हता. पण उन्हातून चालत आल्यामुळे तो तापला होता. दादाचा तळवा दचकला. मागे रांग होती, जिभेला लावून बघायला तो थांबला नाही.

"परत," तो म्हणाला.

आजीने झाकण स्वतःच्या नाकाला लावलं. "अरे, चांगलं तर आहे. पुन्हा बघ ना."

दादाने पुन्हा नाक लावलं. "परत, आजी."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"असेल बाबा. तुझं नाक कधी चुकलं नाही," ती म्हणाली. "माझंच गेलं म्हणायचं. नासलेलं दूध कळत नसेल, तर गाय विकलेलीच बरी. कुणाच्या पोरांना बाधायला नको." आणि तिने कॅन मोरीत कलता केला.

अर्धं दूध वाहून गेल्यावर दादाने कॅन धरला.

"ओतू नका! तुमचं नाक शाबूत आहे, आजी. माझं गेलंय. तीन आठवडे झाले."

साहेब दारात आले. "कुणाला माहीत होतं हे?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला.

आजी कॅनच्या तळाशी उरलेल्या दुधाकडे बघत होती.

"मी गाय विकायला निघाले होते रे," ती म्हणाली.