साफ केलेली कॅसेट

लोक जुनी गाणी जमवतात. मला गाणी नकोत. गाणारा तोंड उघडतो आणि माझं डोकं फिरतं. मला हवा असतो नुसता सिंथेसायझर, तोही जुना, नाकात बोलल्यासारखा वाजणारा. सुरतेत असल्या कॅसेट दुकानात नाही मिळत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, नवरात्रीच्या गरब्यात वाजवणाऱ्यांनी सराव करताना घरीच भरलेल्या असतात, आणि त्या जातात भंगारात. बँक सुटली की मी भंगारवाल्यांची पोती उपसत बसतो. घरचे म्हणतात, वेड लागलंय. लागू दे, कुणाच्या बापाचं काय जातं!

सुरतेतल्याच गोडादऱ्यातल्या एका माणसाबद्दल कळलं. धुळ्याकडचा, एरवी पॉवरलूमवर, लग्नसराईत सिंथेसायझरवर. मी पोचलो तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि वाद्य कधीच विकलं गेलं होतं. त्याच्या बायकोनं लुगड्यांच्या घडीखालून एकच कॅसेट काढली. "आमच्याकडे टेप नाही आता, भाऊ. वाजली तर मला पण ऐकवा." म्हटलं, ताई, आठ दिवसांत घेऊन येतो. कपातला चहा अर्धा टाकून मी निघालो. निघालो कसला, पळालो, बाईचं मन बदलायच्या आत.

फीत पार सडलेली होती. टेपमध्ये तपकिरी भुकटी साचत होती. ही एकदाच वाजणार हे मला दिसत होतं, आणि तसंच झालं. शेवटाला आली आणि तिचे तुकडे पडले. पण तोवर सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. आणि काय वाजवलं होतं हो त्या माणसानं! लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस असं वाजवतो आणि त्याला कुत्रं विचारत नाही, याचा मला इतका संताप आला की मी ते जगाला ऐकवायचंच ठरवलं.

मग बसलो साफ करायला. पंख्याची घरघर काढली. मधेच तो खोकायचा, भांडी वाजायची. सुरुवातीला तर कुणाला तरी हाक मारून काहीतरी बोलत होता आणि बाई हसत होती. काय वैताग! सगळं कापलं आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं, एवढा मी शहाणा. इंटरनेटवर टाकलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक वाहवा करायला लागले, किती स्वच्छ आवाज म्हणून. मी हवेत. त्या भरात आठ दिवसांचे पाच महिने झाले.

शेवटी स्पीकर घेऊन गेलो. बाईनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून बसली. मी मोठ्या ऐटीत लावलं. ती पूर्ण वेळ स्पीकरकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं. कसं वाटलं?"

"बाजा चांगला शे. पन त्यासनं बोलनं कोठे शे?"

मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागलो. तिला वाटलं मला तिची अहिराणी कळली नाही, म्हणून मराठीत समजावून सांगायला लागली. "आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, भाऊ. नुसतं 'अवं, ऐकलं का'. घरात सासू, दीर, सगळे. त्या दिवशी कोणी नव्हतं. त्यांनी टेप चालू केला आणि मुद्दाम माझं नाव घेतलं. मला हसूच आलं. तेवढं एकदाच."

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं, की फीत खराब होती, तेवढं उडालं. नाही बोललो. म्हटलं, "ते मी काढून टाकलं, ताई. वाजवण्याच्या मधे येत होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मधे येत होतं." मग जरा पुढे सरकली. "काढलं म्हणजे तुम्ही ऐकलं तर असंल. कसं म्हणाले, सांगा ना."

ते नाव तिच्याखेरीज फक्त मी ऐकलं होतं. कसं म्हणाला ते राहू द्या, नाव काय होतं हेसुद्धा मला तिलाच विचारावं लागलं असतं.